तीन बोटांची चूक

“नळीत भरायचं पानी आधी जिभेला लावायचं. पान्याचं पान्याशी पटत नाय.”

पेणच्या पुंडलिकबाबांनी हे सांगितलं, तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. म्हाताऱ्या माणसांची खोड असते एकेक, असं मला वाटलं. मित्रांनो, पुढे त्या हसण्याची मला फार लाज वाटली. म्हणून आज सगळं सांगून टाकते.

मी गवंड्याची लेव्हलची नळी आहे. चाळीस फूट लांब आणि बोटाएवढी जाड. आता मी पिवळी पडले आहे, पण नवी होते तेव्हा काचेसारखी आरपार दिसायचे. माझ्यात पाणी भरतात. एक टोक एकाने धरायचं, दुसरं टोक लांब उभ्या असलेल्या दुसऱ्याने धरायचं. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर येऊन थांबतं, मग मध्ये खड्डा असो की भिंत असो. तिथे खूण केली की झाली लेव्हल. मला वीज लागत नाही, हिशेब लागत नाही. माणसं मात्र दोन लागतात. एकट्याच्या हाती मी काही कामाची नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते पेणच्या बाजारातलं हार्डवेअरचं दुकान. तिथे वेटोळं करून मला खिळ्याला टांगलं होतं. १९९० साली दिवाळीनंतर पुंडलिकबाबा आले, माझ्या तोंडाला तोंड लावून त्यांनी जोरात फुंकर मारली, आणि “ही चालंल” म्हणाले.

बाबांच्या हाताखाली पंधरा वर्षांपासून काळुराम होता. खाडीकडच्या गावचा, काटक, हसरा. त्याला बाबांनी पहिली दोन वर्षं थापीला हात लावू दिला नव्हता. रेती चाळ, माल कालव, विटा भिजव, एवढंच काम. तो कंटाळून पाण्यातून वीट काढायला जाई, तर बाबा ओरडत, “अजून बुडबुडं येतायत ना? मंग तिची तहान भागली नाय. तहानेली वीट भिंतीतलं पानी पिते.” असं एकेक शिकत काळुराम गवंडी झाला. बाबांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी मला त्याच्या खांद्यावर टाकलं.

“हिला उन्हात टाकू नको. आन् पानी भरताना…”

“जिभेला लावतो, बाबा. कितींदा सांगशील?”

का लावायचं, ते बाबांनी सांगितलं नाही. त्यांच्या गुरूनेही त्यांना सांगितलं नसावं.

ते दिवस फार चांगले होते. पेणपासून रोह्यापर्यंत किती जोती आणि किती भिंती मी पाहिल्या, त्याची गणती नाही. रोह्याला एका हेडमास्तरांनी नव्या घराच्या फरशीवर मुलाची गोटी ठेवून पाहिली. गोटी जागची हलली नाही. हेडमास्तरांनी काळुरामच्या पाठीवर थाप मारली आणि त्याने ती थाप माझ्यावर उतरवली. “हिची करामत,” म्हणाला. मी फुगून गेले. पाणी खोटं बोलत नाही, म्हणजे मीही खोटं बोलत नाही, असा माझा पक्का समज झाला.

मग १९९५ चा उन्हाळा आला.

धरमतर खाडीच्या आतल्या बाजूला, मिठागरांना लागून एक वस्ती आहे. तिथे जनू आणि त्याची बायको पुतळी घर बांधत होते. जनू डोलवीला कंपनीत कंत्राटावर होता, शिफ्टप्रमाणे यायचा-जायचा. घरावर नजर पुतळीची. तिची मुलगी भाविका नऊ महिन्यांची होती, नुकती रांगायला लागलेली. मोठं उधाण आलं की त्यांच्या जुन्या घरात जमिनीतून पाणी वर यायचं. उधाणाच्या दिवशी पुतळी लेकीला मांडीवरून खाली ठेवत नसे. मिठाई वाटायला आलेल्या माणसालाही ती एकच विचारी, “नव्या घरात पानी येनार नाय ना?”

घराचा नकाशा प्रविणने काढला होता. प्रविण रोह्याचा, डिप्लोमा झालेला, धाटावला शेड बांधण्याच्या कामावर होता. रविवारी स्कूटरवरून यायचा. पहिल्याच दिवशी त्याने काळुरामला विचारलं, “मिस्त्री, सर्टिफिकेट वगैरे आहे का काही?”

“हाय ना. पेणच्या बाजारात जा, डाव्या हाताला वळीनं तीन दुकानं हायत. ती माझी सर्टिफिकेटं.”

“उभी आहेत म्हणजे बरोबर बांधली, असं नसतं.”

“आन् कागदावर बरोबर काढली म्हंजे उभी ऱ्हातात, असं बी नसतं, सायेब.”

पुतळी लेकीला कडेवर घेऊन ऐकत होती. ती म्हणाली, “तुमचं भांडान झालं काय सांगा. मंग माझं घर बांधा.”

गावच्या मारुतीच्या देवळाच्या खांबावर एक तांबडी रेघ होती. बांधाला खांड पडून गावात पाणी शिरलं, त्या वर्षी ते जिथवर चढलं ती ही खूण. प्रविणचं म्हणणं होतं, जोतं या खुणेच्या वर फूटभर हवं. पण तेवढा मुरूम आणि दगड यायला पाऊस उजाडला असता. शेवटी चार बोटांवर ठरलं.

“मग लेव्हल नेमकी पाहिजे,” प्रविण म्हणाला. “एका बोटाची चूकसुद्धा परवडणार नाही.”

देऊळ समोरच होतं. माझं एक टोक प्रविणने खांबाच्या रेघेपाशी धरलं, दुसरं काळुरामने घराच्या कोपऱ्यात. पाणी गोडं भरलं होतं, काळुरामने जिभेला लावूनही पाहिलं होतं. तेवढ्यात प्रविणचा अंगठा सटकला आणि भसकन बरंच पाणी सांडलं.

मित्रांनो, खारेपाटात, या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यात, पाणी सांडणं म्हणजे काय, ते तुम्हाला कसं सांगू? डोळ्यांसमोर सगळीकडे पाणी, आणि प्यायला टँकरची वाट बघायची. टँकर आता परवा येणार होता. पुतळीपाशी एकच हंडा उरला होता. काळुरामने त्या हंड्याकडे पाहिलं, तिच्या कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. तो घरामागे गेला. तिथे मिठागराचा चर होता. त्याने तांब्या बुडवला आणि ते पाणी त्याच्याकडच्या माझ्या टोकात ओतलं. या वेळी जिभेला लावलं नाही. लावून काय करणार? खारं आहे हे त्याला ठाऊकच होतं.

मला पोटात जड वाटलं. एका बाजूला काहीतरी दाबून बसल्यासारखं. पण मीही मनाशी म्हटलं, पाणी ते पाणी. आणि शंका आली असती तरी काय केलं असतं? नळीला तोंडं दोन असतात, आवाज एकही नसतो.

काळुरामने कोळशाने खूण मारली. आठवडाभरात जोत्याचे दगड बसले.

पुढच्या रविवारी प्रविण आला आणि म्हणाला, “परत एकदा लेव्हल बघू.”

“कशाला? झालीय की.”

“कुठलंही माप दोनदा घ्यायचं. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात.”

टँकर येऊन गेला होता. पुतळीने स्वतः गोडं पाणी भरलं. पुन्हा देवळाचा खांब, पुन्हा घराचा कोपरा. आणि या वेळी खूण आली ती आधीच्या खुणेच्या तीन बोटं वर! म्हणजे जोतं तीन बोटांनी खाली बसलं होतं. चार बोटांतलं एकच बोट उरलं होतं.

“तुमचा अंगठा सुटला व्हता त्या दिवशी,” काळुराम म्हणाला.

“अंगठ्याने तीन बोटांचा फरक पडतो का, मिस्त्री? खूण मारताना चुकलात तुम्ही.”

“सतरा वरसं खुणा मारतोय.”

“सतरा वर्षं कोणी तपासल्या नसतील.”

 काळुरामने थापी धुतली, फडक्याने पुसली आणि पिशवीत ठेवली. गवंड्याने दिवस मावळायच्या आधी थापी धुतली, की त्याने काम सोडलं असं समजतात. पुतळीच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पाऊस महिन्यावर आला होता. अर्धं जोतं, रांगती पोर, आणि मिस्त्री निघाला.

मी जमिनीवर पडले होते. माझं एक टोक भाविकाच्या हाताला लागलं. त्या वयाची मुलं जे हाताला लागेल ते तोंडात घालतात. तिनेही घातलं, आणि असं काही वेडंवाकडं तोंड केलं, जीभ बाहेर काढून रडायलाच लागली. पुतळी धावली. पोरीच्या तोंडात बोट फिरवून तिने आत काही अडकलं तर नाही ना ते पाहिलं, मग माझं टोक स्वतःच्या जिभेला लावलं. आतल्या कडेला पांढरी खपली धरली होती.

“हे तर मीठ हाय! काळूदादा, ह्यात खारं पानी कोनी भरलं?”

काळुराम पिशवी खांद्याला लावून उभा होता. त्याने मान खाली घातली.

“मी. तुझा हंडा वाचवला गो.”

प्रविण जोत्याच्या कडेवर बसला.

“खारं पाणी जड असतं,” तो हळूच म्हणाला. “जड पाणी नळीत खाली राहतं, गोडं वर चढतं. म्हणून तुमच्या टोकाला खूण खाली आली. हे मी शाळेत शिकलो, मिस्त्री. परीक्षेत लिहिलंसुद्धा, मार्क मिळवले. आणि इथे मिठागराच्या काठावर उभा राहून मला सुचलं नाही.”

“बाबा सांगून सांगून दमला,” काळुराम म्हणाला. “मला वाटायचं, नळीत घाण पानी जाऊ नये म्हनून सांगतो. का, ते नाय कधी सांगितलं त्यानं.”

पुतळीने पोरीचं तोंड पदराने पुसलं. “म्हंजे एकाला ठाव हाय ते आठवलं नाय, आन् दुसऱ्याला आठवलं त्याचं कारन ठाव नाय. बरं झालं माझ्या पोरीला चव तरी कळते. उठा आता, थर चढवा.”

काळुराम हसला. आधी तो, मग प्रविण. पिशवीतली थापी बाहेर आली. वरचे दगड काढून काळुरामने ते पुन्हा बसवले, तीन बोटं वर. भराव कमी पडला, तेव्हा त्याने डोंगरापासून स्वतः बैलगाडीतून मुरूम आणला. प्रविण पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माल कालवत होता आणि काळुराम त्याला, “सायेब, डिप्लोम्याला पानी जास्त झालं,” म्हणून चिडवत होता.

त्या श्रावणात अमावास्येचं उधाण आलं. भर दुपारी बांधावरून पाणी आलं, गल्लीत शिरलं, देवळाच्या खांबावरची तांबडी रेघ त्याने बुडवली. उरलेलं काम होईतो काळुरामने मला ओटीवरच्या खुंटीला टांगलं होतं, तिथून मी सगळं पाहत होते. पुतळी उंबऱ्यात उभी होती, लेक कडेवर घट्ट धरलेली. पाणी जोत्याचा एकेक दगड चढलं. वरच्या काठाला दोन बोटं राहिली आणि थांबलं. पुष्कळ वेळ ते तसंच थांबून राहिलं. मग उतरायला लागलं. पहिलीच खूण खरी धरली असती, तर बोटभर पाणी घरात असतं.

तेव्हा पुतळीने भाविकाला कोरड्या जमिनीवर खाली ठेवलं आणि ती आपल्या रांगत चुलीकडे गेली.

त्यानंतरची तीन वर्षं प्रविण आणि काळुरामने मिळून कामं केली. एक टोक याच्या हातात, एक त्याच्या. प्रविणने त्याला नकाशा वाचायला शिकवलं, सळ्या कुठे वर आणि कुठे खाली बांधायच्या आणि का, ते शिकवलं. काळुरामने त्याला रेती जिभेवर ठेवून पारखायला शिकवली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गोड काळ.

मग प्रविणला लांब मोठ्या कामावर बोलावलं. त्याने काळुरामसाठी तिथे शब्द टाकला, चिठ्ठीही लिहून दिली. गेटवरच्या माणसाने चिठ्ठी परत दिली. “चिठ्ठी नको, सर्टिफिकेट आण.” काळुराम आल्या पावली परतला. तिथे लेव्हलही आता तिकाटण्यावरच्या दुर्बिणीतून बघतात. मला त्याने पुतळीकडे ठेवलं. ओटीवर माझ्यावर भाविकाचे शाळेचे कपडे वाळत असतात. माझी काही तक्रार नाही.

पण विचार येतात. शिक्का नको, कागद नको, असं मी म्हणणार नाही. प्रविणच्या शिकण्यात माप दोनदा घेणं नसतं, तर पुतळीच्या घरात पाणी शिरलं असतं. मला वाटतं ते एवढंच, की काळुरामचीही कोणीतरी परीक्षा घ्यायला हवी होती. हातात थापी देऊन, विटांपाशी उभं करून. जे येत नाही ते समजावून, जे येतं ते कागदावर लिहून. तो पास झाला असता.

कागद नाही त्याचं आणखीही एक होतं, ते आत्ता कळतंय. कंपनीतला माणूस दोन दिवस आला नाही, तर हजेरीच्या पुस्तकात लाल खूण पडते, कोणी तरी चौकशी करतं. काळुरामचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही. दरवर्षी ज्येष्ठात तो पुतळीचं जोतं बघायला यायचा. भेगा चाचपायचा, चहा प्यायचा, जायचा. गेल्या वर्षी आला तेव्हा सिमेंटने चिरलेल्या हातांत बशी धरवत नव्हती, आणि खोकला थांबत नव्हता. या वर्षी श्रावण संपत आला, तो आलेला नाही. जनूच्या शिफ्ट सुटत नाहीत, आणि दोन पोरं टाकून पुतळीला निघता येत नाही. ती रोज बांधाकडे बघते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी काळुरामच्या खाडीकडच्या गावाला जाणार असेल, तर एवढं करा. बांध ओलांडला की डाव्या हाताचं शेवटचं घर त्याचं. भिंतीला गिलावा नाही, पण भिंत सरळ आहे, लगेच ओळखू येईल. दार लोटलेलं असलं तरी परत फिरू नका. जोरात हाक मारा, त्याला हल्ली कमी ऐकू येतं. तो “बरा हाय” म्हणेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आत जा, चूल पेटलेली आहे का बघा.