मोटरहोमची डावी भिंत

रुबेन रोहेकरांनी लंडनच्या भुयारी रेल्वेत चौतीस वर्षं सिग्नल दुरुस्त केले. ज्याला स्क्रू आहे ते उघडतं आणि जे उघडतं ते दुरुस्त होतं, एवढं त्यांचं तत्त्वज्ञान. एकाहत्तराव्या वर्षी त्यांनी पलंग, ओटा, टॉयलेट सगळं आत असलेलं वीस वर्षं जुनं डिझेल मोटरहोम घेतलं ते याच जोरावर.

घेतलं मात्र बायकोसाठी, दिनासाठी. दिनाला चार वर्षांपूर्वी पार्किन्सन्स झाला. उजवा हात थरथरायचा, चालताना पाय अडायचे, आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता. पण तिला सगळ्यात जास्त छळायचं ते वरचेवर बाथरूमला लागणं. लेस्टरला भाच्याच्या लग्नात हॉलचं टॉयलेट वरच्या मजल्यावर होतं. जिना चढेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. भावजयीने शाल गुंडाळून तिला गाडीत आणून बसवलं. त्यानंतर दिना एजवेअरच्या घराबाहेर पडेनाशी झाली. प्रार्थनेला सिनेगॉगला नाही, शनिवारी मैत्रिणींकडे नाही. कुणी बोलावलं की म्हणायची, "पुढच्या वेळी."

वर्षभर हे पाहून एका सकाळी रुबेन म्हणाले, "टॉयलेटच आपल्याबरोबर आलं तर येशील?"

दिना हसली. खूप दिवसांनी हसली. म्हणून मग रुबेननी माघार घेतली नाही.

मुलगा जोश क्रॉयडनला राहायचा. त्याने फोनवर आपल्या मोडक्या मराठीत बजावलं, "डॅड, प्लीज, आधी एक्स्पर्टला दाखवा. तो डॅम्प मीटर लावते भिंतीला, ओके? जुना व्हॅनमध्ये पाणी जाते."

"मला इंजिनचं कळतं रे," रुबेन म्हणाले.

आणि इंजिनचं त्यांना खरोखरच कळत होतं. लिंकनशरमधल्या एका बंगल्यासमोर ती पांढरी गाडी उभी होती. रुबेन तिच्याखाली झोपून बघून आले. तेल स्वच्छ, ब्रेक चांगले, वीस वर्षांत जेमतेम बत्तीस हजार मैल चाललेली, वर्षभराचं एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर काढण्याजोगी असल्याचा दाखला, शिल्लक. मालक गॉर्डन, सत्तरी ओलांडलेला, मवाळ बोलणारा विधुर. त्याने चहा केला, दिनाला खुर्ची आणून दिली. आत लॅव्हेंडरचा वास दरवळत होता. पलंगाशेजारची भिंत अगदी गुळगुळीत, नव्यासारखी.

"किती जपून वापरलीय," दिना म्हणाली. रुबेननाही तसंच वाटलं. जास्त चाललेल्या गाडीपेक्षा नुसती उभी राहिलेली गाडी वाईट असते, हे त्यांना पुढे कळायचं होतं.

लंडनच्या हद्दीत जुनी डिझेल गाडी काढली की दर दिवसाचा आकार पडतो. म्हणून त्यांनी ती हर्टफर्डशरमध्ये एका शेतकऱ्याच्या आवारात ठेवली, आणि जूनमध्ये दोघं नॉर्फकच्या किनाऱ्यावर गेली.

पहिले दोन दिवस सोन्यासारखे गेले. दिनाने बसल्या बसल्या कांदा-टोमॅटो चिरून दिला, रुबेननी अंडी केली. दार उघडं टाकलं की समोर समुद्र. दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "रात्री पाच वेळा उठले. पाचही वेळा एकटी गेले. तुम्हाला कळलं तरी का?"

"नाही बुवा."

"बघा," ती म्हणाली. एवढ्या एका गोष्टीवर तिचा चेहरा दिवसभर फुललेला होता.

तिसऱ्या दिवशी पाऊस लागला. दुपारी दिना पलंगावर पडली होती. उठायला म्हणून तिने डाव्या भिंतीला हात टेकला तर भिंत आत गेली. भिजलेल्या पावासारखी. रुबेननी बोट लावून पाहिलं. बोटाचा ठसा तसाच राहिला.

सेंट ऑल्बन्सजवळ डेरेक नावाचा माणूस फक्त मोटरहोमची कामं करायचा. त्याने आतला पातळ तक्ता काढला आणि बाजूला झाला. आतल्या लाकडी सांगाड्याचं काळं, ओलं चोथ्यासारखं काहीतरी झालं होतं. डेरेकने स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तो मुठीपर्यंत गेला.

"हा तक्ता नवा आहे," डेरेक म्हणाला. "वर्ष-दीड वर्षापूर्वी कुणीतरी बसवलाय. ज्याने बसवला त्याने आतलं पाहिलेलं आहे."

रुबेननी दुसऱ्याच दिवशी घरची छोटी गाडी काढली आणि तीन तास चालवत लिंकनशर गाठलं. रस्ताभर ते वाक्यं जुळवत होते. गॉर्डनने दार उघडलं. रुबेनना पाहून त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही.

"डावी भिंत," रुबेन म्हणाले.

"हो," गॉर्डन म्हणाला. "मलाही तशीच मिळाली होती. मी विकत घेतली तेव्हाही तिथे नवा तक्ता होता. तो काढून मग मीही नवाच ठोकला. माझी मार्गारेट आजारी पडली आणि नंतर ती गेली. मला ती गाडी दारात बघवत नव्हती."

"माझी बायको आजारी आहे. तुम्ही तिला पाहिलंत. खुर्ची आणून दिलीत."

गॉर्डनने मान खाली घातली. विक्रीच्या कागदावर 'आहे तशी विकली' असं लिहिलेलं होतं आणि खाली रुबेनची सही होती. दोन म्हातारे दारात समोरासमोर उभे राहिले. रुबेनना ओरडायचं होतं, पण ओरडण्यासारखा माणूस समोर नव्हता. गॉर्डनने चहा विचारला. रुबेन तसेच परत फिरले.

डेरेकने भिंतीचं काम घेतलं असतं, पण त्याच्याकडे फेब्रुवारीपर्यंत जागा नव्हती. "आणि खरं सांगू," तो म्हणाला, "भिंत करशील तर खालची जमीन कुजलेली निघेल. जमीन करशील तर छप्पर." तेव्हा रुबेननी स्वतःच हत्यारं उचलली. आठवड्यातून तीन दिवस शेतकऱ्याच्या आवारात जायचं, कुजलेलं लाकूड खरवडून काढायचं, नवं बसवायचं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. खिडकीच्या खालचं झालं तर कोपऱ्यातलं निघालं. कोपरा उघडला तर पलंगाखालची जमीन मऊ लागली. सप्टेंबरात इंजिन सुरू होताना पांढरा धूर टाकायला लागलं. डिझेलची टाकी इतकी वर्षं अर्धवट भरून उभी राहिलेली. तळाशी गाळ साचला होता, तो वर चढला. ते तरी रुबेनना कळत होतं. त्यांनी टाकी उतरवली, धुतली, फिल्टर बदलले. इंजिन गुरगुरून सुरू झालं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"झाली का?" घरी आल्यावर दिना रोज विचारायची.

"होतेय."

ऑक्टोबरात एका कोरड्या दिवशी ते तिला मुद्दाम घेऊन गेले. भिंत अजून उघडी होती, पण पलंग लावला होता, किटली ठेवली होती. निदान आत बसून चहा पिऊ. गाडीला चढायला एकच लोखंडी पायरी होती, जूनमध्ये दिना जिच्यावरून दिवसातून दहादा चढ-उतार करायची. तिने दाराची दांडी धरली. डावा पाय उचलायला गेली तर पाय उचलेचना. जमिनीला खिळल्यासारखा.

"घाई नाही," रुबेन म्हणाले.

"उचलतेय हो मी."

ती उचलत होती. मानेच्या शिरा ताठल्या होत्या. पाय मात्र हलत नव्हता. रुबेननी खाली वाकून तिचा घोटा धरला आणि पाऊल पायरीवर ठेवलं, तर दुसरा गुडघा लटपटला आणि ती त्यांच्या पाठीवर कोसळली. दोघंही चिखलात बसली. लागलं कुणालाच नाही. पण उठायचं कसं तेही कळेना. शेवटी शेतकऱ्याची सून आली आणि तिने आधी दिनाला आणि मग रुबेनना हात दिला.

परतताना दिना म्हणाली, "विकून टाका."

"पायरी खाली घेतो. दुसरी जोडतो. रॅम्प करतो."

"अहो, पायरीचं नाही ते."

रुबेन गाडी चालवत राहिले. त्यांच्या हातात होतं ते सगळं त्यांनी केलं होतं. हे काही त्यांच्या हातातलं नव्हतं.

नोव्हेंबरात त्यांनी उघड्या भिंतीवर नवा तक्ता बसवला. कोपऱ्यातलं लाकूड बदललेलंच नव्हतं. वरून पांढरा रंग दिला. गुळगुळीत दिसायला लागली भिंत. जाहिरातीत त्यांनी लिहिलं: इंजिन उत्तम.

रविवारी बघायला आलं ते ल्यूटनचं एक तरुण जोडपं, एमा आणि टॉम. एमाच्या पोटाशी चार महिन्यांचं बाळ बांधलेलं होतं. दिनाला त्या दिवशी घरात एकटीला ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ती आली होती. आवारात घडीच्या खुर्चीवर शाल पांघरून बसली होती.

टॉमने इंजिन सुरू करून ऐकलं. एमा आत जाऊन आली. "सुट्टीसाठी नाही," ती दिनाला म्हणाली. "आम्ही यातच राहणार आहोत. घरमालकाने जागा सोडायला सांगितलीय. बाळाचा पाळणा त्या भिंतीला लागून छान बसेल."

दिनाने रुबेनकडे पाहिलं. मराठीत म्हणाली, "भिंतीचं सांगितलंत का?"

"तू मध्ये बोलू नकोस," रुबेन हसत हसत मराठीतच म्हणाले.

"सांगितलंत का?"

"त्यांनी विचारलं नाही. त्यांनी बघून घ्यायचं. मी नाही का घेतली?"

"तान्हं बाळ आहे हो."

"दिना, गप्प बस."

पंचेचाळीस वर्षांत ते तिला असं बोलले नव्हते. टॉम मराठी ऐकून कौतुकाने हसला. दिना मग इंग्रजीत एमाशी बोलायला लागली. पण तिचा आवाज आता आवारापार जाण्याइतकाही उरला नव्हता. शेजारी ट्रॅक्टरही सुरू झाला होता. एमा "सॉरी?" म्हणून वाकली, पुन्हा "सॉरी?" म्हणाली. दिनाचे ओठ हलत होते, शब्द बाहेर पडत नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी जमायला लागलं. एमा घाबरली आणि तिने मदतीसाठी रुबेनकडे पाहिलं.

"काय म्हणतायत त्या?"

रुबेननी दिनाकडे पाहिलं. थंडी वाजतेय म्हणते, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. वाक्य तोंडापर्यंत आलंही होतं.

"ती म्हणतेय, डावी भिंत आतून कुजलेली आहे," ते म्हणाले. "पाळणा तिथे लावू नका. जमीनही मऊ आहे. वरचा तक्ता मी परवा बसवला."

टॉमचं हसणं मावळलं. तो आत जाऊन भिंत दाबून आला आणि रुबेनकडे न बघता आपल्या गाडीत जाऊन बसला. एमा मात्र क्षणभर घुटमळली. तिने दिनाच्या खांद्याला हात लावला आणि रुबेनना म्हणाली, "आम्ही घेणार होतो." त्यात राग होता की आभार, रुबेनना कळलं नाही. त्या जोडप्याचं पुढे काय झालं, त्यांना घर मिळालं का, तेही त्यांना कधी कळलं नाही.

डिसेंबरात शेतकऱ्याला जागा हवी होती. जुन्या गाड्या फोडून सुटे भाग विकणारा एक माणूस ट्रक घेऊन आला. त्याने इंजिन सुरू करून पाहिलं, म्हणाला, "इंजिन फारच छान ठेवलंय." रुबेननी मान डोलावली आणि सही केली. जोशने त्या संध्याकाळी फोन केला. एक्स्पर्टचं एका शब्दाने काढलं नाही. उलट, आईला समुद्र बघायचा असेल तर मी रविवारी नेतो म्हणाला.

रुबेननी फोन दिनाच्या कानाला लावला.

"पुढच्या वेळी, बाळा," दिना म्हणाली. जोशला ऐकू आलं नाही. तो "मम? मम?" करत राहिला. तेव्हा रुबेननी फोन घेतला आणि तेच वाक्य तिच्या वतीने मोठ्याने सांगितलं.