आखूड हाक

मी पांढरी उंदरीण बोलतेय. हो, तीच, लाल डोळ्यांची, जिला बघून तुम्ही खुर्चीवर चढता! आज तुम्ही घाबरू नका. आज माझंच धाबं दणाणलंय.

माझा जन्म याच प्रयोगशाळेतला, जाळीचं झाकण असलेल्या पेटीत, लाकडाच्या भुशावर. पेट्या धुणारे काका मला 'बाळंतीणबाई' म्हणतात. प्रयोग करते ती ताई. ताई मनाने चांगली आहे हो, उचलताना शेपटीला हिसका देत नाही.

आमची पिल्लं जन्मतः उघडीबोडकी आणि आंधळी. घरट्याबाहेर पडली की गारठतात आणि हाका मारतात, इतक्या बारीक की तुमच्या कानांना पत्ताही लागत नाही. हाक आली की मी धावते आणि लेकराला तोंडात धरून घरी आणते. यात माझी थोरवी कसली? पाय आपोआप सुटतात.

ताईने तीच हाक यंत्रात भरून ठेवलीये. पेटीच्या टोकाला छोटा स्पीकर आहे. तो वाजला की मी जिवाच्या आकांताने धावते. तिथे कुणीच नसतं. परत येते, तो पुन्हा वाजतो, मी पुन्हा धावते. वेडी म्हणा हवं तर! पण शेजारच्या टेबलावर कुणाचाही फोन वाजला की ताईसुद्धा स्वतःचा खिसा चाचपतेच की.

काल ती तिच्या सरांना सांगत होती, "सर, गंमत बघा. हाक पुरेशी लांब असली की ही धावते. तीच हाक कापून जराशी आखूड केली, की ढिम्म हलत नाही. ऐकू येतं तिला, पण मेंदू म्हणतो, हे बाळ नव्हे."

मी तेव्हा मिशा साफ करत बसले होते. मला त्याचं काही वाटलं नाही.

आज सकाळी काकांनी भुसा बदलला. पेटी औषधाने खसाखसा धुतली, त्या उग्र दर्पाने माझं नाकच बधिर झालं, वासावरून काही कळेना. मग एकेक पिल्लू परत ठेवलं. मी घरट्यात आडवी झाले, सगळी लुचायला लागली, आणि पोटाशी एक जागा थंडच राहिली. सगळ्यात धाकटी तिथे चिकटायची. काकांच्या बोटांतून निसटली असणार ती.

आणि कोपऱ्यातल्या भुशातून काहीतरी येतंय. तुटक, आखूड, टिचकी मारल्यासारखं. गारठलेल्या लेकराला दम पुरत नसेल, म्हणून हाक अर्ध्यावर तुटत असेल का? ताईचं बोलणं आठवलं. माझीच आहे ती! पण पाय उठत नाहीत हो. मी स्वतःला बजावते, ऊठ मेले, जा! डोकं म्हणतं, कसलं बाळ? भुसा खचतोय नुसता.

इतक्यात ताई पेटीत डोकावली. "सर, एक पिल्लू कमी दिसतंय."

"आईनेच खाल्लं असेल," सर मान वर न करता म्हणाले. "खातात त्या. चालू कर तू."

खाल्लं? मी? आमच्यात कधीकधी तसं होतं, नाही म्हणत नाही. पण शपथ घेऊन सांगते, मी नाही खाल्लं! ताई, अगं, मूठभर भुसा उकर ना त्या कोपऱ्यातला. तुझी बोटं लांब आहेत, तुला डोळे आहेत. एवढी भीक घाल मला.

ती कशी ऐकणार? माझंही ओरडणं तिच्या कानांपलीकडचं.

कोपऱ्यातला आवाज आता थांबून थांबून येतोय. मी दात-ओठ खाऊन एक पाय उचललाय. डोकं नको म्हणतंय, तरी उचललाय. आता दुसरा. थोडं थांब ताई, बटण दाबू नकोस, मी जातेय बघ, पोचतेच आहे.

स्पीकर वाजला. लांब, भरघोस, हुबेहूब माझ्या लेकराची हाक.

मी कोपऱ्याकडे पाठ फिरवली आणि धावले.