डाव्या कोपऱ्यातला गोविंदा

कोलाडच्या स्पर्धेत दत्तात्रेयची मान मोडली आणि त्यानंतर गोविंदाची पकड सुटायला लागली.

गोविंदा रोह्याच्या एका कंपनीच्या कबड्डी संघात डावा कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा त्याच्या हातात आला की तो माणूस काही परत जायचा नाही. नोकरीही त्याला खेळावरच लागलेली. त्या दिवशी खांब गावच्या दत्तात्रेयचा घोटा त्यानं असाच धरला, मागून आणखी दोघं अंगावर आले आणि दत्तात्रेय डोक्यावर आपटला. जीव वाचला, पण मानेखालचं शरीर गेलं. पंचांनी पकड नियमातली ठरवली. गुण गोविंदाच्या संघाला मिळाला.

पुढच्या प्रत्येक सामन्यात घोटा हातात यायचा आणि गोविंदाची बोटं आपोआप उघडायची. शेवटी संघाचे मॅनेजर कमळाकर पेणला प्रविण म्हात्रेकडे आले.

प्रविणचे वडील खाडीकाठच्या मिठागरावर कामाला होते. तो मानसशास्त्रात एम.ए. करून पेणच्या कॉलेजात तासिकेवर शिकवत होता. कॉलेजात असताना तो स्वतः चांगली चढाई करायचा, पण विद्यापीठाच्या निवडीला छातीत अशी धडधड भरली की मध्यरेषा ओलांडताच त्याचा दम तुटला. हे कशानं झालं ते सांगणारा कोणी नव्हता. आपण तो माणूस व्हायचं, खेळाडूंच्या मनाचा कोच व्हायचं, हे त्याच्या डोक्यात तेव्हापासूनचं. १९९४ साली असलं काही काम असतं हेच कोणाला माहीत नव्हतं. तो संघासंघाकडे जाऊन आला होता. एकानं विचारलं, "आमची पोरं काय येडी हायत?" दुसऱ्यानं मनगटाला बांधायला मंतरलेला दोरा मागितला.

"याचे हात चालू करून द्या," कमळाकर म्हणाले. "जिल्हा स्पर्धेच्या आत. जमलं तर संघ तुमच्याकडे."

प्रविण कॉलेज सुटलं की एसटीनं रोह्याला जाऊ लागला. मैदानाच्या कडेला दोघं बसायचे.

"सर, घोटा धरला की तो आवाज येतो," गोविंदानं सांगितलं. "सुकी काटकी मोडावी तसा."

प्रविणनं त्याला श्वास मोजायला शिकवलं. डोळे मिटून फक्त घोटा बघायला शिकवलं. "वर बघायचं नाही. तोंड नाही, नाव नाही. फक्त घोटा." गोविंदा मुकाट्यानं तसं करायचा. एकदा मात्र तो म्हणाला, "खांबला जाऊन येऊ काय? त्याच्या आईच्या पाया पडेन म्हणतो."

प्रविणला ते बरोबर वाटलं. पण तिथून हा मोडून परत आला तर?

"आत्ता नको," तो म्हणाला. "स्पर्धा होऊ दे."

जिल्हा स्पर्धेत गोविंदानं एकही घोटा सोडला नाही. कमळाकरांनी चषकाबरोबर प्रविणलाही खांद्यावर घेतलं. मग नागोठण्याचा संघ आला, अलिबागचे दोन आले. दोरा मागणाराही आला. प्रविणनं कॉलेजच्या तासिका सोडल्या.

पुढच्या हिवाळ्यात निडीचा एक पोरगेला खेळाडू गोविंदाच्या कोपऱ्यात शिरला. पकड झाली, पोराचं गळपट्टीचं हाड मोडलं. तो किंचाळत मातीत लोळत होता. गोविंदानं हाताची धूळ झटकली आणि जागेवर जाऊन पुढच्या चढाईची वाट बघत उभा राहिला.

"दगड केलात गड्याला," कमळाकर खुशीत म्हणाले. प्रविण त्या पोराला उचलायला धावला.

काही दिवसांनी गोविंदाची बायको मालू लेकीला कडेवर घेऊन प्रविणच्या दारात उभी राहिली.

"सर, पोर तापानं फणफणली होती. मी रडतेय आणि हा टीव्ही बघतोय. बोलले तर म्हणतो, वर बघायचं नाय, मालू. हे तुम्ही शिकवलंत ना?"

प्रविण तिच्याबरोबरच रोह्याला गेला. "चल, खांबला जाऊ," तो गोविंदाला म्हणाला.

"कशाला? आता मला काय तरास नाय."

"म्हणूनच चल."

दत्तात्रेय पडवीत खाटेवर होता. त्याची आई गिरजाबाई त्याला पेज भरवत होती. गोविंदाला बघून तिचा हात थांबला.

"लय वाट बघितली आम्ही," ती म्हणाली.

"तेव्हा आला असतास तर बोललो असतो," दत्तात्रेय छताकडे बघत म्हणाला. "आता काय बोलू?"

गिरजाबाईनं वाटी खाली ठेवली. "हात लाव बाबा. कूस बदलायची हाय. मला एकटीला नाय होत."

गोविंदानं त्याला उचललं. पाठीवरच्या जखमा दिसल्या, वास आला. त्यानं मान वळवली नाही. दत्तात्रेयला कुशीवर नीट टेकवून तो अंगणात आला आणि तिथंच ओकला. मग गुडघ्यांत डोकं घालून मोठ्यानं रडायला लागला. प्रविण शेजारी उभा होता. त्याला खांद्यावर हातही ठेवता आला नाही.

गोविंदा परत खेळला नाही. कंपनीनं त्याला ऑफिसमधून काढून प्लांटवर शिफ्टला टाकलं.

"बरा झालेला माणूस तुम्हीच बिघडवलात," कमळाकर म्हणाले. ही गोष्ट जिल्हाभर झाली. एकेक संघ सोडून गेला. प्रविण पुन्हा कॉलेजात तासिका मागायला गेला, तेव्हा त्याचे तास दुसऱ्याला दिलेले होते. शेवटी पेणच्या एका क्लासमध्ये तो दहावीच्या मुलांना शिकवू लागला.

दत्तात्रेय पुढच्या उन्हाळ्यात गेला. तोवर गोविंदा सुट्टीच्या दिवशी कूस बदलायला जात होता. त्यानं तिरडीला खांदा दिला. प्रविण मागून चालला.

नदीवरून परतताना गोविंदा त्याच्याजवळ आला. "सर, तेव्हाच जाऊ दिलं असतंत तर?"

प्रविणला खोटं बोलवेना. "तर तू खेळला नसतास. मग मला कोणी काम दिलं नसतं."

गोविंदा त्याच्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

"व्हय," तो म्हणाला. "शिफ्ट हाय माझी." आणि सायकल घेऊन हायवेला लागला.