अर्ध्या पडद्याचा बिघाड

"बाबा, तू घरी परत राहायला येणार आहेस का? हो की नाही, एवढंच सांग."

हा प्रश्न विचारून दाखवच, असं मैत्रिणींनी तिला मधल्या सुट्टीत बजावलं होतं. "स्टेजवर माईक सोडत नाहीस, आणि स्वतःच्या बाबाला एक प्रश्न विचारायला तंतरते होय गं तुझी?" वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून सगळ्या तिला तोफ म्हणायच्या. आता तोफेने माघार घ्यायची म्हणजे काय! म्हणून तिने विचारलं. फक्त विचारताना बाबाचा चेहरा दिसत नव्हता. तो गादीवर पालथ्या घातलेल्या टीव्हीवर वाकला होता.

बाबाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. उन्हाळ्यापासून तो दुकानामागच्या खोलीतच झोपायचा. "कामं तुंबलीत गं त्याची," आई सांगायची. लोकांचे टीव्ही इतके बिघडतात की माणसाला घरी पाठ टेकायलाही येता येऊ नये? तोफेने खूप डोकं चालवलं आणि तिला युक्ती सुचली. लोकांचे बिघडतात ना, मग आपलाही बिघडू दे की!

लहानपणापासून दुकानात लुडबुड केल्यामुळे तिला आतलं सगळं पाठ होतं. पडद्याकडे चित्र नेणाऱ्या दोन चपट्या पट्ट्या असतात. त्यातल्या एकीची बारीक कडी उचलून पट्टी जराशी सरकवली, की झालं काम. आवाज ठणठणीत, डावीकडे बातम्या देणारी अर्धी बाई, आणि उजवीकडे नुसत्या उभ्या रेघा. आई बाहेर गेली की तोफ स्क्रू काढून कारभार उरकायची, आणि आई आली की तोंड पाडून सांगायची, "आई, परत गेला गं!"

मग बाबा यायचा. आधी आवाज नीट ऐकायचा. मग वायर बदलून बघायचा. मग रिमोटने मेनू उघडायचा आणि त्याच्यावरही रेघा दिसल्या की म्हणायचा, "केबलवाला सुटला. बिघाड टीव्हीतच आहे." तासभर सहज जायचा. चहा व्हायचा, शाळेतल्या भानगडी सांगून व्हायच्या. मागच्या वेळी तर त्याच्या कुठल्याशा फालतू विनोदावर आईसुद्धा खुदकन हसली होती. तेव्हा तोफेने मनातल्या मनात त्याचं सामान कपाटात लावूनही टाकलं होतं.

आज मात्र बाबाने आवाज ऐकला नाही, वायरला हात लावला नाही. सरळ झाकणच काढलं.

"बोल ना. हो की नाही?"

त्याने पट्टी जागेवर बसवली, कडी दाबली. मग पिशवीतून पिवळ्या चिकटपट्टीचं रीळ काढलं, एक तुकडा कडीवर लावला, त्यावर आडवा दुसरा, आणि नखाने घासघासून बसवला.

"हे काय करतोयस?"

"पक्कं करतोय. आता निघणार नाही."

"आणि निघालीच तर?"

"बाईसाहेब," बाबा मान वर न करताच म्हणाला, "ही कडी आपोआप उघडत नसते. कुणीतरी नखाने उचलावी लागते."

"तुला... कधीपासून माहितीये?"

"पहिल्या वेळेपासून."

"मग तासभर काय शोधत बसायचास?"

"काही नाही गं. तुझ्याशी बोलत बसायला मिळायचं."

आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. "मलाही माहीत होतं," ती म्हणाली. "लांब स्क्रूच्या जागी आखूड लावायचीस तू."

"मग तू त्याला फोन कशाला करायचीस?"

"वाटायचं, जमेल."

"मलाही वाटायचं," बाबा म्हणाला. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. "नाही जमलं, बाळा. कामं-बिमं काही तुंबलेली नाहीत. मी येणार नाहीये परत. आम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."

भांडले असते तर ती मध्ये पडली असती, दोघांनाही चार शब्द सुनावले असते. पण ते असे हळू आवाजात, एकमताने बोलत होते, त्याला काय करायचं? ती रडली. नाक गळेपर्यंत, हुंदके देऊन रडली. आईने कप खाली ठेवून तिला जवळ घेतलं. बाबाने एकेक स्क्रू लावला, टीव्ही उभा केला. चित्र लख्ख आलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिला ते बघवेना. तिने बटण दाबून ते बंद केलं आणि बाहीने तोंड पुसलं.

"आता मी ठरवलंय ते ऐका." आवाज चिरकला, तरी ती थांबली नाही. "मी आईकडे राहणार. रविवारी दिवसभर बाबाकडे, दुकानात. आणि यापुढे टीव्ही खरोखर बिघडला ना, तरी बाबाला बोलवायचं नाही. दुसरा मेकॅनिक बघायचा."

"अगं, दुसरा कशाला? मी असताना..."

"नको, बाबा. तू दारात दिसलास की मला परत वाटायला लागेल."