खोड सांगा, शेठ!

मी मोटार बोलतेय. अंगानं छोटीच आहे, हसू नका. विलायतेत मला 'सगळ्यांना परवडणारी' म्हणतात. नाशकात उतरले, तेव्हा लोकांनी विचारलं, "हिची आई कुठंय?"

मला मागवलं इब्राहिमशेठनी. आधी ते टांग्याची चाकं विकायचे. मोटार काय फक्त सायबानंच उडवायची? स्वस्तातली आणली तर आपली माणसंही घेतील, असं त्यांच्या मनानं घेतलं. कंपनीनं मात्र बजावलं होतं, मार्चअखेर एक तरी विका, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला.

लोक यायचे, बसायचे, भोंगा वाजवायचे, चहा पिऊन जायचे. शेठची झोप उडाली. काळजीनं माझं तेल गळायला लागलं. खरं सांगायचं तर आधीपासूनच गळत होतं.

एकतीस मार्चला घोटीचे कोंडाजी आले. भाताची गिरणी त्यांची, पण उभा जन्म बैलबाजारात गेलेला. माझ्या पाठीवर थाप मारली, वाकून दिवे पाहिले, दात बघावेत तसे. मी ओशाळले.

"हं. खोड सांगा, शेठ."

"छे हो! विलायती माल. एकही खोड नाही."

कोंडाजींनी चपला घातल्या. "मग ऱ्हाऊ द्या. मारका हाय, बसका हाय, आम्ही सांगून विकतो. खोडच नाय म्हणणाऱ्याकडनं मी शेपूट पण घेत नाय."

शेठना घाम फुटला. एवढ्यात पडद्याआडून त्यांच्या बायकोचा, आबिदाबींचा आवाज आला, "अजी, सांगून टाका ना! सकाळी रुसते, चढावर तापते, आणि तेल गाळून माझं अंगण काळं केलंय हिनं!"

मला तोंड कुठं लपवू असं झालं.

कोंडाजी थबकले. "आणखी?"

"मागं बसलं की..." शेठ पुटपुटले, "गुडघे हनुवटीला लागतात."

"आता कसं!" कोंडाजींनी चपला काढल्या. सौदा झाला. त्याच दुपारी विलायतेला तार गेली. एजन्सी वाचली.

निघताना कोंडाजी हळूच म्हणाले, "शेठ, आता आमची बी खोड ऐका. मला चालवता येत नाय."

तर सध्या मी घोटीच्या रस्त्यावर आहे. शेठ शेजारी बसून शिकवतायत, म्हणजे ओरडतायत. थांबायचं असलं की कोंडाजी ब्रेक विसरतात आणि बैलांना थांबवावं तसं "हो... हो..." म्हणतात. समोरून येत असाल तर बाबांनो, कडेला व्हा. मला त्यांचं 'हो' कळतं हो, पण थांबता येत नाही!