मुलाशी नातं

रोवेनाने पोराला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि मोकळ्या हाताने कागद टेबलावर पुढे सरकवले. ज्युलियनने लगेच मॅडमच्या शिक्क्याकडे हात लांबवला. मॅडमनी शिक्का उचलून पलीकडे ठेवला.

फिलिपिनो वकिलातीची माणसं वर्षातून एकदा ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनला येत आणि चर्चच्या सभागृहात टेबलं मांडून बसत. मागच्या खेपेला ती आली तेव्हा ज्युलियन न्यूमोनियाने दवाखान्यात होता. त्यामुळे तो पळायला लागला, दोन-चार शब्द बोलायला लागला, तरी आपल्या देशाच्या दफ्तरी अजून जन्मलाच नव्हता. आणि इथे जन्मूनही इथला नव्हता. आईबाप दोघंही मांसाच्या कारखान्यात, कंपनीने तात्पुरत्या व्हिसावर आणलेले.

मॅडमनी आधी तिचा पासपोर्ट उघडला.

"रोवेना बुएनाफे. म्हणजे लग्न झालंय."

"हो."

मॅडमनी तिच्यामागे उभ्या असलेल्या एल्मरकडे पाहिलं. "आणि हे मिस्टर बुएनाफे?"

"नाही. मी पालोमार," एल्मर म्हणाला. "पोराचा बाप."

रांगेत मागे चाललेली बायकांची कुजबुज थांबली. खरं तर यात कुणापासून लपवण्यासारखं काहीच नव्हतं. रोवेनाचा नवरा रेनान्ते तिला इलोइलोत टाकून दुसऱ्या बाईकडे राहायला गेला, ते जुनं झालं होतं. एल्मर तिला इथे भेटला, कारखान्यात, एकाच पट्ट्यावर हाडं काढताना. कारखान्याला ठाऊक होतं, चर्चला ठाऊक होतं. तरी आत्ता तिचे कान तापले.

मॅडमनी चष्मा काढला. बोलल्या त्या मात्र हळू आवाजात.

"आपल्याकडे घटस्फोट नाही, हे मी सांगायला नको. लग्न कायम असताना बाईला झालेलं मूल तिच्या नवऱ्याचं. तुम्ही नाही म्हणालात तरी कायदा हो म्हणतो."

"पण इथल्या दाखल्यावर यांचं नाव आहे, मॅडम. हे बघा ना."

"ते इथल्यापुरतं. आपल्या दफ्तरी बाप म्हणून नवऱ्याचंच नाव लागेल, आडनावही त्याचंच. नको असेल तर कोर्टाचा निकाल आणा. तो दावाही नवऱ्यानेच लावायचा असतो."

"त्याने तर हे गाव नकाशावरसुद्धा पाहिलं नाही!" मागून मानांग पेर्ला कडाडल्या. गावातल्या सगळ्या फिलिपिनो पोरींच्या त्या मानांग, म्हणजे थोरल्या बहीण; आजचा सगळा घाटही त्यांनीच घातला होता. "पोर काय टपालाने पाठवलं त्याने?"

सभागृह हसलं. मॅडम हसल्या नाहीत.

"कायदा मी केलेला नाही," त्या म्हणाल्या. "पासपोर्ट कशासाठी हवाय?"

"आईला दाखवायचंय याला," एल्मर म्हणाला. "माझ्या आईला. तिकडे कापीसला असते. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलंय."

रोवेनाने कागद गोळा करायला घेतले. एल्मरने त्यांच्यावर हात ठेवला.

"लिही त्याचं नाव."

"एल्मर, अरे, पुढच्या वर्षापर्यंत काहीतरी..."

"आई पुढच्या वर्षापर्यंत थांबायची नाही. लिही म्हटलं ना."

मॅडमना नवऱ्याच्या ओळखपत्राची नक्कल हवी होती. रोवेना व्हरांड्यात आली. नंबर तिने नणंदेकडून मागून घेतला. पोर कडेवर, तेव्हा फोन कठड्यावर ठेवून मोठ्या आवाजावर लावावा लागला. एल्मर दोन हात अंतरावर पाठमोरा उभा राहिला.

"अरे वा, ऑस्ट्रेलियाच्या मड्डम!" रेनान्तेचा आवाज तसाच होता, झोपेतून उठल्यासारखा. "आज कशी काय आठवण झाली?"

तिने कामापुरतं सांगितलं. पलीकडे कोंबडा आरवला. बाई कुणावर तरी ओरडत होती.

"मुलगा आहे का मुलगी?"

"मुलगा."

"हिला तीन पोरीच झाल्या," तो म्हणाला. आवाज एकदम मऊ झाला होता. "लाव की मग माझं नाव! मी कुठे नाही म्हणतोय? बुएनाफेंचा वंश चालला म्हणायचा. त्याचा एक फोटो पाठव बरं, चांगला. आईला दाखवतो. खूश होईल म्हातारी."

रोवेनाने फोन बंद केला. ती सभागृहाच्या दारापर्यंत पोचते न पोचते तोच फोनवर ओळखपत्र आलं. लग्न झाल्यापासून त्याने तिचं पहिल्यांदाच काही काम वेळेवर केलं होतं.

एल्मरने सगळं ऐकलं होतं.

मॅडमनी रेनान्तेचं वय, धर्म, धंदा लिहून घेतला. नोंद उशिराची, म्हणून दोन साक्षीदार लागत होते, शपथेवर सांगणारे. मानांग पेर्लांनी हात वर केला, सही केली आणि पेन टेबलावर आपटलं.

"दुसरं कोण?"

रांगेतल्या बायका आपापल्या पिशव्यांत काहीतरी शोधू लागल्या. शपथेच्या भानगडीत कोण पडणार!

"मी," एल्मर म्हणाला.

"साक्षीदार मुलाच्या नात्यातला चालत नाही."

"मग मी चालतो की. आत्ता तुम्हीच तर सांगितलंत."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग रोवेनाकडे. त्यांनी कागद त्याच्यापुढे फिरवला.

"यावर माझं नाव राहील ना?" त्याने विचारलं.

"राहील. साक्षीदार म्हणून. कायमचं."

"बास."

"उजवा हात वर करा. नाव?"

"एल्मर पालोमार."

बापाने हात वर केलेला बघून ज्युलियनला तो खेळ वाटला. त्यानेही आपला हात उंच केला आणि हसला. रोवेनाने तो हळूच खाली ओढला आणि पोराचं तोंड आपल्या खांद्याकडे वळवलं.

"मुलाशी नातं?"

"काही नाही," एल्मर म्हणाला आणि त्याने पेन मागितलं.