सेवकराम विंगेतून बाहेर येतो

देवरीकडच्या एका झाडीपट्टी नाटकमंडळात सेवकराम चोवीस वर्षांपासून प्रॉम्प्टर होता. आमच्याकडचे नट पाठांतर करत बसत नाहीत, बाप्पा! डाव्या विंगेत सेवकराम वही घेऊन उभा राहायचा, हळूच वाक्य सोडायचा आणि नट ते उचलून टाळ्या खायचा. त्यातली एकही सेवकरामाच्या वाट्याला येत नसे, आणि त्याला त्याचं काही वाटतही नसे. असा माणूस!

यंदा मंडळाचे मालक इंद्रकुमारभाऊ गोंदियाहून एक मोबाइल घेऊन आले. त्यात अख्खं नाटक भरलेलं. नटाचं बोलणं तो आपणच ऐकणार आणि पुढचं वाक्य त्याच्या कानातल्या बोंडाएवढ्या इअरफोनमध्ये सांगणार.

“एआय हाये, सेवकराम. आज तालमीत पाहू. जमलं, त या सीझनले तुले आराम.”

आराम! काय गोड शब्द शोधला बघा.

 सेवकरामाच्या घरी धानाचं शेत होतं, उपाशी मरायचा नव्हता. पण त्याची बायको शामकला याच नाटकात आईचं काम करायची. तिच्या प्रत्येक वाक्याआधी त्याचा आवाज असायचा. ते सोडून घरी बसायचं, या विचारानेच त्याचा जीव कासावीस झाला.

दुपारी समाजमंदिरात तालीम लागली. करायला काही उरलं नव्हतं, म्हणून सेवकराम जन्मात पहिल्यांदा स्टेजसमोर खुर्ची टाकून बसला. मोबाइलने एक शब्द चुकवला नाही. शेवटी शामकला नाटकातल्या मेलेल्या लेकासाठी रडली. दरवेळी तिचा तो चेहरा पाहून विंगेत त्याचे डोळे भरायचे. इथून मात्र त्याला दिसला नुसता तिचा कान आणि अंबाडा!

“काऊन गा, कसं वाटलं? खरं सांग,” इंद्रकुमारभाऊंनी विचारलं.

“मशीन बेस हाये,” सेवकराम म्हणाला. खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नाही. “पन तुमी सारे रिकाम्या विंगेकडं तोंड करून बोलून राहिले. लोकायले काय दिसन?”

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चोवीस वर्षांची सवय, मान आपोआप डावीकडे जायची.

“मंग आता या साऱ्यायले वळवू कसं?” इंद्रकुमारभाऊंनी विचारलं.

शामकला सेवकरामाकडे बोट दाखवून म्हणाली, “वाक्य मशीन सांगन जी. पन रडाले मले माणूस लागते. यायले समोर बसवा, माही मान आपोआप वळते.”

प्रवेश पुन्हा झाला. शामकला सेवकरामाकडे बघून रडली आणि तालीम पाहायला आलेल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले.

“सेवकराम, आता दर तालमीले अन् दर शोले समोर बसायचं. कोनाचं तोंड कुठं जाते, तूच सांगायचं. बसशीन ना?” इंद्रकुमारभाऊ म्हणाले.

 सेवकरामाने इतकी वर्षं साऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातली, आणि आता त्याला स्वतःला एक शब्द सुचेना.

स्टेजवरून शामकला हळूच कुजबुजली, “हो म्हना ना जी.”

“हो,” सेवकराम म्हणाला.